आषाढातला कूलर

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत दुपारी जो खडखडाट ऐकू येतो आणि नवा माणूस विचारतो की इथं पिठाची गिरणी आहे का, तो माझा आवाज. गिरणी नाही, मित्रांनो. मी एक जुना कूलर आहे, पत्र्याचा. हल्ली चाकांवर फिरणारे गोरेगोमटे प्लास्टिकचे कूलर निघालेत, त्यांच्या घराण्याशी माझा काही संबंध नाही. ते कुजबुजतात, मी बोलतो. आणि आज बोलायला बसलोच आहे तर सगळं सांगून टाकणार आहे, कारण ह्या घरातल्या माणसांनी मला जो वैताग दिलाय तो मनात ठेवून माझा पत्रा आणखी गंजायला नको.

माझा जन्म शहागंजातला, शफीभाईंच्या दुकानातला. जन्म म्हणजे काय, नुसती ठोकाठोकी. पत्रा कापला, वाकवला, निळा रंग मारला, तीन बाजूंच्या जाळ्यांत गवत भरलं, खाली पाण्याचा हौद, हौदात एक छोटा पंप आणि पोटात मोटर. शफीभाई कामाला पक्के आणि बोलायला त्याहून पक्के. राजकुमार आणि सुलेखा हे नवराबायको मला घ्यायला आले तेव्हा शफीभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आवाज करेगा थोडा, करने दो. साल में एक बार बेअरिंग को तेल डालो, बस. और कुछ नक्को."

राजकुमारनं मान हलवली. सुलेखानंही हलवली. त्या माना हलल्या तेवढ्याच, तेल काही हललं नाही.

आता ह्यात खरी चीड आणणारी गोष्ट ऐका. सुलेखा ब्लाउज शिवते. तिच्या शिलाई मशीनला दर आठवड्याला तेल पडतं. तेलाची बाटली आतल्या खोलीतल्या कपाटावर, बरोबर माझ्या तोंडासमोर. ती येणार, बाटली घेणार, बाहेरच्या खोलीत मशीनला थेंब थेंब तेल पाजणार, बाटली परत ठेवणार आणि जाता जाता मला म्हणणार, "काय मेलं खडखड करतंय." अगं बाई, त्याच बाटलीतले दोन थेंब. पण नाही.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, टीव्ही आणि ती मशीन. आतल्या खोलीत पलंग, कपाट, पोरांची पुस्तकं आणि मी. माझी पाठ मागच्या दाराला, तोंड खोलीकडं. त्यामुळं ह्या घरातली दोन्ही लेकरं माझ्या तोंडासमोर वाढली.

थोरली विशाखा, धाकटा सम्यक. एकाच आईच्या पोटचे, पण कुणाला खरं वाटलं नसतं. सम्यक लहानपणी माझ्या जाळीला तोंड लावून "आऽऽ" करायचा आणि आवाज थरथरतो म्हणून खिदळायचा. विशाखा संध्याकाळी न सांगता बादली आणून माझा हौद भरायची. हौद भरायची पाळी सम्यकची असली तरी तीच भरायची, कारण तो विसरणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. राजकुमार कामावरून येऊन भरलेला हौद बघायचा आणि म्हणायचा, "विशाखाला सांगावं लागत नाय." मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. ऐकायला गोड आहे. पुढं त्यानंच घात केला.

एका उन्हाळ्यात व्हायचं तेच झालं, कोरडं बेअरिंग अडकलं. सम्यक तेव्हा शाळकरी. घामानं वैतागून त्यानं माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सणसणीत लाथ घातली. धक्क्यानं बेअरिंग सुटलं आणि पंखा गरगरायला लागला. झालं. राजकुमारला वाटलं पोरगं इंजिनिअर होणार. तेव्हापासून ह्या घरात माझ्यावर एकच औषध, लाथ. पाहुणे आले तरी त्यांना दाखवतात, "इथं नाय, जरा खाली, डावीकडं, हां." फक्त विशाखानं मला कधी लाथ मारली नाही. मी अडकलो की ती समोर उभी राहायची आणि म्हणायची, "मोडला तर?" आणि घामाघूम होत कुणीतरी येण्याची वाट बघायची.

आणखी एक सांगतो, मग पुढं जाऊ. एकदा माझ्या हौदातला पंप जळाला. तो बिचारा पाण्याखाली असतो, त्याचा आवाज नसतो. पंखा वर नेहमीसारखा खडखडत होता, म्हणून आठवडाभर कुणाला पत्ता लागला नाही. सगळे म्हणायचे, "यंदा ऊनच लई आहे." गवत कोरडं ठणठणीत, आणि हे उन्हाला शिव्या देतायत.

मग ती महामारी आली आणि सगळी माणसं एकदम घरात कोंबली गेली. राजकुमारची चिकलठाण्याची कंपनी बंद पडली, नंतर निम्म्या माणसांवर सुरू झाली. सुलेखानं ब्लाउज सोडून मास्क शिवायला घेतले. सम्यक बी.कॉम.ला, विशाखा विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राला. दोघांचे वर्ग मोबाईलवर. आणि मला काम सकाळपासून रात्रीपर्यंत, कारण चार माणसं आणि वर पत्रे.

सम्यकचा वर्ग म्हणजे तमाशा. पलंगावर आडवा, एका कानात सर, दुसऱ्या हातात भेळ. माईक बंद करायचं भान नाही. एकदा त्याच्या सरांनी विचारलं, "कोण ट्रॅक्टर चालवतंय?" तर हा म्हणतो, "सर, आमचा कूलर आहे, हवा पाठवू का?" अख्खा वर्ग हसला. राजकुमार बाहेरून ओरडला. रोज ओरडायचाच. "वाया चाललास, ताईकडं बघ जरा." सम्यक हो म्हणायचा आणि शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन मित्रांना फोन लावायचा. ह्याचा अभ्यास बोलून व्हायचा. धडा वाचायचा नाही, कुणाकडून तरी फोनवर समजून घ्यायचा, मग तोच दुसऱ्याला समजावून सांगायचा, त्यात निम्मं चुकवायचा. स्वाध्याय शेवटच्या तारखेला अर्धवट पाठवायचा. अडलं की लाज न बाळगता विचारायचा. माझ्यासारखाच, आवाज फार.

विशाखाचं सगळं जिथल्या तिथं. कॅमेरा बंद असला तरी वेणी घालून, ओढणी घेऊन बसायची. माझा आवाज माईकमध्ये जातो म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधी मला बंद करायची आणि एप्रिलच्या उन्हात निथळत बसायची. तिची मैत्रीण युसरा सिल्लोडची. हॉस्टेल रिकामं झालं म्हणून घरी गेलेली. ती फोन करायची आणि पहिल्याच वाक्याला रडायला लागायची. "विशाखा, मेरे से कुछ नहीं हो रहा यार. काहीच डोक्यात शिरत नाही." मग तासभर सगळं ओतून मोकळी होऊन म्हणायची, "अब थोडा अच्छा लग रहा. तू बोल, तुझं कसं चाललंय?"

"चाललंय बरं," विशाखा म्हणायची.

मी म्हणायचो, अगं, आता तुझी पाळी आहे, बोल की. पण माझं बोलणं म्हणजे खडखड.

तिचा प्रोजेक्ट बोअरवेलच्या पाण्यावर होता. मुकुंदवाडी, चिकलठाणा, आजूबाजूच्या वस्त्या, सगळीकडून तिनं बाटल्यांत पाणी भरून आणलं. प्रत्येक बाटलीवर सुंदर अक्षरात चिठ्ठी. त्यातल्या निम्म्या बाटल्या प्रयोगशाळेत तपासून झाल्या आणि दुसरी लाट आली. परत सगळं बंद. उरलेल्या बाटल्या माझ्यासमोर भिंतीला ओळीनं उभ्या राहिल्या. पाणी शिळं झालं, आता तपासून त्याचा काही उपयोग नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती रोज सकाळी त्या बाटल्या पुसायची.

तिच्या रूपाली मॅडम भली बाई. फोनवर म्हणाल्या, "विशाखा, जेवढं तपासून झालंय तेवढ्यावर लिही. राहिलं ते का राहिलं, एवढं नमूद कर. सगळ्यांचीच ही गत आहे." ही म्हणाली, "हो मॅडम." आणि लिहायला बसली. पहिला परिच्छेद लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. अर्धं काम आपल्या नावावर जाणार हे तिला सोसवत नव्हतं. जगात काय चाललंय, जालना रोडवरनं दिवसभर ॲम्ब्युलन्स ओरडत जातायत, आणि ही पोरगी समासाची रुंदी बघत बसली आहे. माझा इतका संताप व्हायचा की पाण्याचे थेंब उडायचे. पण रागावणार कुणावर? चांगलं काम करायची सवय लागलेल्या माणसाला वाईट काम करायला कुणी शिकवलेलंच नसतं.

त्यातच राजकुमार एकदा बाहेरच्या खोलीत फोनवर कुणालातरी सांगत होता, "आमच्या विशाखाचा प्रोजेक्ट कधीच जमा झाला असंल. तिला सांगावं लागत नाय." संध्याकाळी सुलेखानं पोळ्या लाटता लाटता विचारलं, "झाला का गं जमा?"

विशाखा म्हणाली, "हो."

झालं ना वाटोळं. एक अक्षर. त्याच्यानंतर ती मागंही जाऊ शकेना आणि पुढंही. मॅडमला सांगायची, होत आलंय. घरात सांगायची, झालंय. शेवटची तारीख मॅडमनी एकदा वाढवून दिली, पुन्हा एकदा दिली. ह्या वेळी जमा झालं नाही तर वर्ष जाणार होतं, आणि घरात कुणाला त्याचा गंध नव्हता. मला होता. मला असून काय उपयोग?

उन्हाळा संपला. आषाढ लागला, हवा गार झाली. दरवर्षी ह्या दिवसांत माझा हौद रिकामा करतात आणि फाटक्या फ्लेक्सखाली मला झाकून ठेवतात. तेवढीच माझी विश्रांती. त्या वर्षी नाही. विशाखा रोज खोलीचं दार लोटायची, पाण्याचा पंप बंद ठेवायची आणि नुसता पंखा सुरू करायची, अंगावर शाल घेऊन.

"आषाढात कूलर?" सुलेखानं विचारलं. "थंडी वाजत नाय का?"

"आवाजात अभ्यास बरा होतो, मम्मी. बाहेरचं काही ऐकू येत नाय."

घराला हे इतकं पटलं की राजकुमारनं त्यावर सम्यकला ऐकवलं, "बघ. ती एवढ्या खडखडाटात अभ्यास करती. तुला शांततेत पण होत नाय."

मित्रांनो, खरं काय ते मला माहीत होतं, कारण ती माझ्या जाळीपासून हातभर अंतरावर बसायची. गुडघ्यांत डोकं घालून ती रडायची. बाहेरचं आत येऊ नये म्हणून मी सुरू नव्हतो, आतलं बाहेर जाऊ नये म्हणून होतो. जेवायला बोलावलं की तोंड धुऊन जायची, दोन घास खायची आणि परत यायची. युसराचा फोन आला की म्हणायची, "कूलरचा आवाज आहे गं, नीट ऐकू येत नाय, नंतर बोलते." नंतर कधी बोलली नाही. सगळी लपवाछपवी माझ्या नावावर. मी जन्मभर ज्या आवाजाबद्दल बोलणी खाल्ली, त्याच आवाजाचा तिनं पडदा केला होता. मला तो इतका नको झाला होता की वाटायचं लाईट जावी. एरवी ऊठसूट जाते. नेमकी तेव्हा जाईल तर शपथ.

जमा करायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मॅडमनी सगळ्यांना मोबाईलवर बोलावलं. एकेकानं आपलं काम कुठवर आलंय ते सांगायचं. विशाखानं मला आधीच सुरू करून ठेवलं होतं. तिचं नाव आलं.

"मॅडम, आवाज नीट जात नाहीये माझा, कूलर आहे इथं."

"मग कूलर बंद कर आणि बोल," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी थांबते."

विशाखानं माझ्याकडं बघितलं. हात बटणापर्यंत आला. मी मनात म्हणतोय, कर, बाई, बंद कर, एवढं एक ऐक माझं. तिनं बटण दाबलं नाही. मोबाईलवरचा वर्ग बंद केला आणि मोबाईल पलंगावर पालथा टाकला. मग परत आली आणि माझा वेग शेवटपर्यंत पिरगाळला. आणि खाली बसून अशी रडली, की ते रडणं माझ्या आवाजातही मावेना.

मी मुद्दाम केलं असं कुणी म्हणू नका. पत्र्याला एवढी अक्कल नसते. सकाळपासून फिरत होतो, बेअरिंग तापलं होतं, वर्षानुवर्षं तेलाचा थेंब नाही. एकदा किंचाळलो आणि अडकलो. पंखा थांबला.

खोलीत एकदम तिचं रडणं उघडं पडलं. तिला ते समजायला एक क्षण लागला. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. उठली, माझ्यासमोर आली. लाथ कुठं मारायची ते तिला माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. पाय उचलला. मी म्हणत होतो, नको मारू, आता तरी नको. तिनं पाय खाली ठेवला. तिच्यानं झालंच नाही.

बाहेर मशीनची धडधड चालू होती, त्यामुळं सुलेखाला रडणं ऐकू गेलं नाही. पण मी थांबलो हे कळलं. ज्याची कटकट असते त्याची शांतता लगेच कळते. तिनं मशीन थांबवून हाक मारली, "सम्यक, कूलर अडकला बघ. ताईचा अभ्यास बुडंल."

ताईचा अभ्यास बुडेल म्हणे. काय बोलणार?

सम्यक गच्चीवर होता, फोनवर हसत. त्याची चप्पल जिन्यावर वाजली. मित्रांनो, ज्या लाथेनं माझा कोपरा चेमटवला, जिच्या नावानं मी इतके उन्हाळे चडफडलो, त्या लाथेची मी त्या दुपारी जिवाच्या आकांतानं वाट बघत होतो. कारण ती घालायला कुणीतरी ह्या खोलीत येणार होतं. विशाखा तिथंच भिंतीशी वळून उभी राहिली, बाटल्या पुसल्यासारखं करत.

तो दार ढकलून आत आला. फोन कानाला, तोंडात पेरू, पाय उचललेला. आणि पाय तसाच हवेत राहिला. बहिणीची पाठ हलत होती.

"ठेव बे, नंतर करतो," तो फोनमध्ये म्हणाला. "ताई, काय झालं?"

"काय नाय. कूलर सुरू कर."

"नाय करणार."

"सम्यक, सुरू कर म्हणते ना."

"नाय करत, जा. आधी सांग."

आणि तो खाली बसला, माझ्याच पत्र्याला टेकून. आयुष्यात पहिल्यांदा त्याची पाठ माझ्या अंगाला लागली. आणि पहिल्यांदाच तो गप्प बसला. इतका वेळ गप्प बसलेला सम्यक मी कधी बघितला नव्हता. शेवटी तिलाच ते सहन झालं नाही. भिंतीकडं तोंड करूनच तिनं सांगितलं. जमा झालं नाही. लिहूनच झालं नाही. उद्या शेवटची तारीख आहे आणि आता ती काहीच करणार नाही.

सम्यक काय म्हणाला असेल? काही नाही, तो हसला. गाढव. मला वाटलं आता हीच माझ्याऐवजी त्याला लाथ घालणार.

"तू?" तो म्हणाला. "तू जमा नाय केलं? मला वाटलं ह्या घरात ते खातं माझ्याकडंच आहे."

ती गर्रकन वळली. डोळे लाल, नाक लाल, आणि चिडलेली. "हसतोस काय? तुला काय जातंय. तू काही केलं नाय तरी कुणाला धक्का बसत नाय. मी एकदा चुकले तर पप्पा गल्लीत तोंड कसं दाखवतील?"

सम्यकचं हसणं गळून पडलं. पेरू त्यानं बाजूला ठेवला. "मला रोज शिव्या पडतात," तो हळू म्हणाला, "पण रोज कुणीतरी बघतं तरी, मी काय करतोय ते. तुझ्याकडं कधी कुणी बघितलंच नाय. मी पण नाय."

आता हे सगळं सिनेमासारखं इथंच गोड व्हायला हवं होतं. पण आमचं घर आहे. तेवढ्यात राजकुमार पहिल्या पाळीवरून आला. हातात हेल्मेट, तोंडावर मास्क. दारातून त्याला दिसलं काय, तर विशाखा रडतीय आणि सम्यक समोर बसलाय. पुढचा मागचा विचार न करता त्यानं सुरुवात केली, "काय केलंस रे तिला? स्वतः काही करायचं नाय आणि तिला पण करू द्यायचं नाय. उद्या तुझ्यापायी तिचा—"

"पप्पा, त्याला नका बोलू."

विशाखा एवढ्या मोठ्यानं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. बाहेर पुन्हा सुरू झालेली सुलेखाची मशीन थांबली.

"मला बोला. माझा प्रोजेक्ट जमा नाय झाला. मी खोटं बोलले. मम्मीला पण खोटंच सांगितलं."

राजकुमार मास्कच्या वर नुसते डोळे घेऊन बघत राहिला. मग पलंगाच्या कडेला बसला. हेल्मेट मांडीवर. "पण तू," तो म्हणाला, "तुला तर कधी सांगावं लागत नाय."

"सांगावं लागत नाय, पप्पा. पण विचारावं तर लागतं ना."

खोलीत कसलाच आवाज नव्हता. मी अडकलेला, मशीन थांबलेली, सम्यक गप्प. ते वाक्य कुठंही झाकलं गेलं नाही. सुलेखा दारात येऊन उभी होती, गळ्यात मोजायची टेप. ती पुढं झाली, पोरीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि म्हणाली, "आषाढात कूलर लावती, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." मग स्वतःच रडायला लागली. राजकुमारनं मास्क काढला, घडी केली, उलगडला, परत घडी केली. मग विचारलं, "जेवलीस का?" एवढंच. पण विचारलं.

त्या दिवशीच तिनं मॅडमला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत जे असेल ते पाठव. चांगलं नको, असलेलं पाठव." मग युसराला लावला. पलीकडून युसरा म्हणाली, "आज तुझा कूलर बंद आहे काय? पहिल्यांदा तुझा आवाज साफ येतोय." विशाखा म्हणाली, "हो गं, अडकलाय." आणि रडतच हसली.

लिहायचं काम ह्या खोलीत, माझ्यासमोर झालं. ती सांगायची, सम्यक मोबाईलवर टाईप करायचा. तिनं एखादं वाक्य तिसऱ्यांदा बदलायला घेतलं की हा म्हणायचा, "नाय बदलणार. अर्धं कसं पाठवायचं ते मला विचार, माझी त्यात पीएच.डी. आहे." त्याला रसायनांची नावं वाचता येत नव्हती. तो भलतंच वाचायचा, ती चिडून दुरुस्त करायची, आणि त्या चिडण्याच्या नादात पुढचं पान होऊन जायचं. शेवटी तिनं लिहिलं की उरलेले नमुने तपासता आले नाहीत. सरळ. समासाची रुंदी बघितली नाही. पाठवायचं बटण सम्यकनं दाबायला बोट पुढं केलं, तर ती म्हणाली, "हो बाजूला," आणि स्वतः दाबलं.

नंतर तिनं भिंतीकडच्या बाटल्या उचलल्या. एकेक उघडली आणि त्यातलं शिळं पाणी माझ्या हौदात ओतलं. आता हे बोअरचं खारं पाणी, क्षारांनी भरलेलं, पत्र्याला विष. दुसरं कुणी ओतलं असतं तर मी जन्मभर माफ केलं नसतं. तिला म्हटलं ओत, बाई, ओत.

आणि सुलेखा. ती कपाटावरून तेलाची बाटली काढायला आली, मशीनसाठी. बाटली हातात घेऊन माझ्याकडं बघत थांबली. मग राजकुमारला हाक मारून म्हणाली, "अहो, हे मागचं जरा उघडून द्या. इतकी वर्षं इथंच होती की बाटली."

विशाखा त्या वर्षी पहिली आली नाही. दुसरीही नाही. पास झाली, बरी झाली. नंतर बरेच महिने ती एका डॉक्टरबाईंकडं जायची बोलायला. राजकुमार गाडीवर सोडायचा आणि बाहेर थांबायचा. आता ती सिल्लोडच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि सुट्टीला घरी येते. सम्यक हिशेबाच्या ऑफिसात लागलाय आणि अजूनही अर्धवट कामं करतो, ह्या बाबतीत काही सुधारणा नाही. त्यालाही आता राजकुमार शिव्यांऐवजी कधीकधी प्रश्न विचारतो, आणि त्याला उत्तर देता येत नाही, कारण सवय नाही.

एक रीत मात्र घरात पडली आहे. जेवायला बसले की मला बंद करतात. ऐन मे महिन्यात, मित्रांनो. वर पत्रे तापलेले, माणसं निथळतायत, आमटीत घाम पडायची वेळ, आणि मी ठणठणीत असून गप्प उभा. एकमेकांना विचारतात, तुझं काय चाललंय, तुझं कसं चाललंय. कुणी "चाललंय बरं" म्हणालं की सुलेखा घास हातात धरून बघत राहते, पुढचं ऐकल्याशिवाय खात नाही. कसली ही माणसं. कूलर आहे, हवा घ्या, जेवा. पण मी काही म्हणत नाही.

तुम्हाला मात्र म्हणतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वर्षातून एकदा तेल घाला, गवत बदला, हौद धुवा. एवढं तर कराच. आणि तुमच्या घरात सम्यक असेल तर त्याची काळजी करू नका असं नाही, पण तो ओरडून सांगेल. विशाखा असेल, जिचा हौद नेहमी भरलेला असतो, जिला सांगावं लागत नाही, तिच्याजवळ जरा जाऊन बसा. पंखा फिरतोय म्हणून समाधान मानू नका, हात लावून गवत ओलं आहे का बघा.

विशाखा सुट्टीला आली की जेवणानंतर ताटं गोळा करते, हात धुते आणि माझ्यासमोर येते. बेअरिंगला आता तेल आहे, नुसतं बटण दाबलं तरी मी सुरू होतो. तिला ते माहीत आहे. तरी ती बटण दाबते आणि शिवाय खालच्या डाव्या कोपऱ्यात नेम धरून एक लाथ घालते. ह्या घरात मला कधी लाथ न मारलेली एकटी तीच होती. मारू दे.